ल्युपससाठी कार-टी पेशी: पहिले निकाल इतके चांगले असताना चाचण्या अजून कशासाठी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांच्या 26 वर्षांच्या बहिणीला काही वर्षांपासून ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार) आहे आणि त्याचा परिणाम मूत्रपिंडावर झाला आहे. स्टिरॉइड, मायकोफेनोलेट आणि पुढे रिटुक्सिमॅब देऊनही लघवीतून प्रथिने जाणे थांबलेले नाही. आता त्यांच्या डॉक्टरांनी कार-टी पेशींच्या, म्हणजे जनुक बदलून परत दिलेल्या रुग्णाच्याच प्रतिकारपेशींच्या, चाचणीत सहभागी होण्याचा पर्याय सुचवला आहे. जर्मनीत या उपचाराने पंधराच्या पंधरा रुग्णांना गुण आल्याचे प्रश्नकर्त्यांच्या वाचनात आले आहे. एवढे यश मिळाले असेल तर तपासायचे काय उरले, आणि बहिणीने होकार द्यावा का, असे ते विचारतात.

स्वयंप्रतिकार आजारांच्या रुग्णांवर मी बरीच वर्षे उपचार करत आहे आणि अशा चाचण्यांच्या कामातही असतो. माझे उत्तर आधीच सांगतो. पहिल्या रुग्णांनी एका प्रश्नाचे उत्तर दिले आहे, ते म्हणजे शरीरातील बी-पेशी (ज्यांच्यापासून प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी तयार होतात त्या पांढऱ्या पेशी) मुळापासून काढून टाकल्या तर हट्टी ल्युपस औषधांशिवाय शांत राहू शकतो का. तो राहू शकतो. मात्र किती वर्षे राहतो, कोणत्या रुग्णात राहतो, आणि आज उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम औषधांच्या तुलनेत ही जोखीम कोणी घ्यावी, हे तीन प्रश्न अजून उघडे आहेत. आपल्या बहिणीचा निर्णय याच तीन प्रश्नांवर ठरणार आहे, म्हणून चाचणीची रचना आपण समजून घेतलेली बरी.

ल्युपसमध्ये शरीर स्वतःच्याच पेशीकेंद्रकातील घटकांविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. ही प्रतिपिंडे बी-पेशींपासून तयार होणाऱ्या पेशी बनवतात, त्यामुळे बी-पेशी काढून टाकण्याची कल्पना जुनीच आहे. रिटुक्सिमॅब हे औषध तेच करते. तरीही ल्युपसमधील त्याच्या दोन मोठ्या तुलनात्मक चाचण्या, एक्सप्लोरर आणि मूत्रपिंडाच्या आजारासाठीची ल्युनार, आपले मुख्य उद्दिष्ट गाठू शकल्या नाहीत. यामागचे एक महत्त्वाचे कारण पुढे स्पष्ट झाले. रिटुक्सिमॅब दिल्यावर रक्तातील बी-पेशी नाहीशा झालेल्या दिसतात, पण लसिकाग्रंथींसारख्या ऊतींमध्ये त्या टिकून राहतात. कार-टी पेशी दिलेल्या रुग्णांच्या लसिकाग्रंथींचे नमुने तपासले असता तेथील बी-पेशीही पूर्ण गेल्याचे दिसले. औषधाचा रेणू जिथे पोहोचतो पण काम पूर्ण करू शकत नाही, तिथे जिवंत टी-पेशी (दुसऱ्या पेशींना मारू शकणारी पांढरी पेशी) स्वतः शिरते, वाढते आणि लक्ष्य संपेपर्यंत काम करते.

ही टी-पेशी रुग्णाचीच असते. रुग्णाला काही तास यंत्राला जोडून रक्तातील पांढऱ्या पेशी वेगळ्या काढतात आणि उरलेले रक्त परत देतात. प्रयोगशाळेत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्या पेशींत एक नवे जनुक घालतात. त्या जनुकामुळे टी-पेशीच्या पृष्ठभागावर असा ग्राहक उगवतो, जो बी-पेशींवरील सीडी19 हे प्रथिन नेमके ओळखतो. पेशींची संख्या वाढवून त्या परत देण्यापूर्वी रुग्णाला फ्ल्युडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोथेरपीची औषधे देतात, म्हणजे नव्या पेशींना वाढायला जागा मिळते. पेशी शिरेतून देण्याचे काम काही मिनिटांत संपते. जर्मनीतील एर्लांगेन येथील पहिल्या रुग्णमालिकेत शरीराच्या दर किलो वजनामागे 10 लाख पेशी दिल्या होत्या, म्हणजे 50 किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे 5 कोटी.

कर्करोगासाठी या प्रकारच्या उपचाराला अमेरिकेत पहिली मान्यता 2017 मध्ये मिळाली. ल्युपसमधील पहिला ठळक अनुभव एर्लांगेन येथील गेओर्ग शेट आणि आंद्रेआस माकेन्सेन यांच्या गटाने 2021 मध्ये प्रसिद्ध केला. ती 20 वर्षांची रुग्ण होती आणि तिच्या मूत्रपिंडावरही आजाराचा परिणाम झाला होता. 2022 मध्ये त्यांनी पाच रुग्णांची माहिती दिली. तीन महिन्यांत पाचही जणांचा आजार शमला होता. आपण वाचलेले पंधरा रुग्ण फेब्रुवारी 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मालिकेतील आहेत, आणि त्यातील आठच ल्युपसचे होते. तिघांना स्नायुदाह होता आणि चौघांना सिस्टिमिक स्क्लेरोसिस, म्हणजे त्वचा आणि आतले अवयव कडक होत जाणारा आजार. आठही ल्युपस रुग्णांचा आजार शमला आणि पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे बंद करता आली.

या मालिकेतील मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी नोंद वेगळीच आहे. बी-पेशी कायमच्या गेल्या नाहीत, सरासरी 112 दिवसांनी त्या परतल्या, आणि त्या परतल्यानंतरही पाठपुराव्याच्या काळात आजार परतला नाही. परतलेल्या पेशी बहुतांशी नव्या, कशाचीही ओळख न झालेल्या अशा होत्या. शिवाय प्रतिपिंडे बनवणाऱ्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशींवर सीडी19 फारसे नसल्यामुळे पूर्वीच्या लसींची प्रतिपिंडे बऱ्याच अंशी टिकली, तर डीएनएविरोधी प्रतिपिंडे गेली. प्रतिकारशक्ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होते, ही कल्पना याच निरीक्षणावर उभी आहे. माझ्या कारकिर्दीत ल्युपसबद्दल इतकी आशा वाटायला लावणारी दुसरी नोंद मी वाचलेली नाही.

एवढे असूनही ही मालिका तुलनात्मक चाचणी नव्हती. सर्व रुग्णांना उपचार मिळाला, आणि कोणाला काय मिळाले हे सर्वांना ठाऊक होते. रुग्ण निवडून घेतलेले होते. ल्युपसमध्ये चढ-उतार असतात, आणि आजार अत्यंत तीव्र असतानाच रुग्ण चाचणीत येतो, त्यामुळे पुढचे काही महिने तुलनेने बरे जाण्याची शक्यता मुळातच अधिक असते. त्यात आणखी एक गुंता आहे. पेशींपूर्वी दिले जाणारे सायक्लोफॉस्फामाइड हे स्वतःच ल्युपसच्या मूत्रपिंडविकारावरचे जुने औषध आहे. त्याच्या एका मात्रेने महिनोन्‌महिने औषधांशिवाय आजार शांत राहणे मला संभवनीय वाटत नाही, परंतु ‘मला वाटत नाही’ या आधारावर उपचार ठरवायचे नसतात. सुधारणेत त्या औषधाचा वाटा किती आणि पेशींचा किती, हे तुलनेशिवाय वेगळे काढता येत नाही.

तुलना करायची म्हटली की अडचणी सुरू होतात. केमोथेरपी आणि पेशी यांच्यासारखे दिसणारे खोटे औषध देणे अवघड आहे, आणि केवळ सोंग वठवण्यासाठी कोणाला केमोथेरपी देणे नीतीला धरून नाही. शिवाय रक्ततपासणीत बी-पेशी शून्य दिसल्या की उपचार करणाऱ्या डॉक्टरला कोणत्या गटात काय दिले ते कळतेच. म्हणून बहुतेक तुलनात्मक आराखड्यांत दुसऱ्या गटाला प्रचलित सर्वोत्तम उपचार देतात, आणि रुग्णाला तपासून गुण देणारी व्यक्ती उपचारापासून अलिप्त ठेवतात. लघवीतील प्रथिने, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे कार्य दाखवणारी रक्ततपासणी) आणि शक्य असेल तेथे मूत्रपिंडाची पुन्हा केलेली बायोप्सी अशा मोजमापांवर भर दिला जातो, कारण थकवा किंवा सांधेदुखी यांवर आशेचा परिणाम होतो, तसा या आकड्यांवर सहसा होत नाही. मायस्थेनिया ग्रॅव्हिस या स्नायू दुबळे करणाऱ्या स्वयंप्रतिकार आजारात मात्र खोट्या औषधाशी तुलना करता आली, कारण तेथे एमआरएनएच्या, म्हणजे पेशीत थोडाच काळ टिकणाऱ्या जनुकीय संदेशाच्या, साहाय्याने तात्पुरत्या बदललेल्या पेशी केमोथेरपीशिवाय दिल्या गेल्या. तो मार्ग ल्युपसमध्ये तितकाच खोल परिणाम देईल का, हा स्वतंत्र प्रश्न आहे.

‘आजार शमला’ या शब्दांमागे कोणता निकष आहे, हे आपण अवश्य विचारावे. डोरिस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निकषात आजाराची कोणतीही प्रत्यक्ष लक्षणे नसावीत अशी अट आहे, परंतु रोज 5 मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोलोन आणि स्थिर मात्रेतील इतर औषधे चालू असली तरी तो निकष पूर्ण होऊ शकतो. एखादी चाचणी नुसता हा निकष गाठल्याचे सांगत असेल, तर त्यातून औषधांपासून सुटका झाल्याचे सिद्ध होत नाही. कार-टी पेशींचे खरे आश्वासन औषधमुक्तीचे आहे. तेव्हा त्या चाचणीत औषधे केव्हा बंद करणार, ती पुन्हा सुरू करावी लागली तर त्या रुग्णाची गणना अपयशात होणार का, आणि मुख्य निष्कर्ष किती महिन्यांनी काढणार, हे आराखड्यात आधीच लिहिलेले असले पाहिजे. सहा महिन्यांचा निष्कर्ष आजार दबल्याचे सांगतो. तो पुन्हा उठला नाही, हे सांगायला बी-पेशी परतल्यानंतरचा बराच काळ जावा लागतो.

याच संदर्भात आपल्या बहिणीबाबत एक बाब मला आवर्जून सांगावीशी वाटते. मूत्रपिंडात दोन गोष्टी एकत्र असतात, चालू असलेली सूज आणि आधीच पडलेले व्रण, म्हणजे कायमचे वण. पेशी सूज थांबवू शकतात, पण व्रण भरून काढत नाहीत. काही रुग्णांत आजार पूर्ण थांबलेला असतो, पूरक प्रथिने (सक्रिय ल्युपसमध्ये रक्तात घटणारी प्रतिकारशक्तीची प्रथिने) सामान्य पातळीवर आलेली असतात, डीएनएविरोधी प्रतिपिंडे सापडत नाहीत, आणि तरीही व्रणांमुळे लघवीतून थोडी प्रथिने जातच राहतात. उलट बाजूने, केवळ व्रणांमुळे प्रथिने जात असलेल्या रुग्णाला चाचणीत घेतले, तर तिला धोका पूर्ण पत्करावा लागेल आणि लाभ जवळपास काहीच मिळणार नाही. म्हणून अलीकडची बायोप्सी नसेल तर ती करून घेण्याचा आग्रह धरावा, आणि अहवालात सक्रियतेचा व जुनाट हानीचा निर्देशांक किती दिला आहे, ते डॉक्टरांकडून समजून घ्यावे.

रुग्णांना आधी पुरेसे सांगितले जात नाही असा आणखी एक टप्पा म्हणजे पेशी काढण्यापूर्वीचा आणि पेशी तयार होईपर्यंतचा काळ. मायकोफेनोलेटसारखी औषधे टी-पेशींनाही दुबळे करतात, म्हणून ती आधी कमी किंवा बंद करावी लागतात. पेशी बनायला आणि त्यांची गुणवत्ता तपासायला काही आठवडे जातात. या मधल्या काळात ज्या औषधांनी आजार कसाबसा रोखून धरलेला असतो, तीच काढलेली असतात, आणि आजार भडकण्याची शक्यता खरी असते. चांगल्या केंद्रात या काळासाठी स्टिरॉइडची योजना ठरलेली असते, तपासण्या वरचेवर होतात, आणि पेशींचे उत्पादन फसले तर पुढे काय करायचे, हेही लेखी असते. ते लेखी नसेल, तर मी माझ्या रुग्णाला थांबायला सांगेन.

पेशी दिल्यानंतरचे पहिले दोन आठवडे रुग्ण काटेकोर देखरेखीखाली असतो. पेशी वाढू लागल्या की सायटोकाइन नावाची द्रव्ये मोठ्या प्रमाणात सुटतात आणि ताप येतो. गंभीर स्वरूपात रक्तदाब उतरतो आणि प्राणवायू द्यावा लागतो. त्यावर टोसिलिझुमॅब हे औषध उपयोगी पडते. मेंदूवर होणारा परिणाम ओळखण्याची पद्धत साधी आहे. परिचारिका रुग्णाला रोज तारीख व ठिकाण विचारते, समोरच्या वस्तूंची नावे सांगायला लावते, शंभरपासून दहादहाने उलटे मोजायला लावते आणि कागदावर एक वाक्य लिहून घेते. रोजची वाक्ये एकाखाली एक असल्यामुळे अक्षर डळमळू लागले की ते लगेच लक्षात येते, कित्येकदा नातेवाइकांना बोलण्यात फरक जाणवण्याच्याही आधी. पंधरा रुग्णांच्या मालिकेत दहा जणांना सायटोकाइनचा त्रास सौम्य झाला, एकाला मध्यम, एकाला मेंदूवर सौम्य परिणाम झाला, आणि एकाला न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. कर्करोगाच्या तुलनेत हा त्रास कमी असण्याचे कारण बहुधा असे, की येथे मारायच्या बी-पेशींची संख्या बरीच कमी असते. पुढे आणखी एक प्रकार लक्षात आला. ज्या अवयवात मूळ आजार असतो, तेथेच काही दिवसांनी तात्पुरता दाह होतो. तो बहुधा सौम्य असतो, पण अनुभव नसलेला डॉक्टर त्यालाच आजार उलटला असे समजून घाईने जादा स्टिरॉइड देऊ शकतो.

पुढच्या महिन्यांतील मुख्य धोका जंतुसंसर्गाचा आहे, आणि रक्तपेशी कमी राहण्याचाही. मूत्रपिंड दुबळे असल्यास येथे विशेष दक्षता हवी, कारण फ्ल्युडाराबिन मोठ्या प्रमाणात मूत्रपिंडातूनच बाहेर पडते आणि त्यानुसार मात्रा कमी केली नाही तर त्याचा विषारी परिणाम वाढतो. कर्करोगाच्या आराखड्यातील मात्रा ल्युपसच्या रुग्णाला तशीच्या तशी लावता येत नाही.

दूरच्या धोक्याबद्दलही स्पष्ट लिहिले पाहिजे. नोव्हेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने कार-टी उपचारानंतर टी-पेशींचाच कर्करोग झालेल्या रुग्णांची चौकशी जाहीर केली, आणि जानेवारी 2024 मध्ये या गटातील औषधांवर ठळक इशारा छापण्यास सांगितले. 2023 अखेरपर्यंत त्या देशात 27 हजारांहून अधिक मात्रा दिल्या गेल्या होत्या आणि असे 22 रुग्ण नोंदले गेले होते. प्रमाण अगदी अल्प आहे, शिवाय त्या रुग्णांनी आधी बरीच केमोथेरपी घेतलेली होती. तरीही रक्ताच्या कर्करोगाने मृत्यू समोर दिसत असलेल्या माणसाने हा धोका पत्करणे आणि 26 व्या वर्षी, पुढे अनेक दशके जगायची असलेल्या स्त्रीने तो पत्करणे, या दोन्हींचा हिशेब सारखा होऊ शकत नाही. जनुक कायमचे बसवणाऱ्या अशा उपचारांत 15 वर्षांच्या पाठपुराव्याची अपेक्षा त्यासाठीच असते. बहिणीने होकार दिला तर तो या 15 वर्षांनाही असेल, आणि त्या काळात शहर किंवा देश बदलला तर तपासण्या कोठे होणार, हे आताच विचारून घ्यावे.

आजार परतण्याची नोंदही झाली आहे. स्नायुदाहाच्या एका रुग्णात तो परतला, सीडी19 पेशी पुन्हा देऊनही टिकाऊ गुण आला नाही, आणि शेवटी बीसीएमए हे वेगळे लक्ष्य असलेल्या पेशी द्याव्या लागल्या. शरीर त्या ग्राहकालाच परका मानून त्याविरुद्ध उभे राहू शकते, म्हणून दुसरी मात्रा पहिलीसारखी चालेलच असे गृहीत धरता येत नाही.

याखेरीज दात्याच्या पेशी वापरण्याचे, शरीराच्या आतच टी-पेशी घडवण्याचे, आणि पेम्फिगस या त्वचेवर फोड आणणाऱ्या आजारात फक्त दोषी बी-पेशी टिपण्याचे प्रयत्न सुरू आहेत. बी-पेशी आणि टी-पेशी यांना एकत्र बांधणारी प्रतिपिंड-औषधेही आहेत. त्यातील ब्लिनाटुमोमॅबने हट्टी संधिवाताच्या सहा रुग्णांत गुण आल्याचे 2024 मध्ये प्रसिद्ध झाले. हे सारे मोलाचे आहे, परंतु आपल्यापुढचा निर्णय एका विशिष्ट चाचणीचा आहे, म्हणून मी त्यात अधिक शिरत नाही.

आता बहिणीबद्दल. बायोप्सीत सक्रिय सूज दिसत असेल, दोन किंवा अधिक प्रस्थापित उपचार पूर्ण मात्रेत व पुरेसा काळ देऊन निष्फळ ठरले असतील, मूत्रपिंडाचे कार्य अजून बऱ्यापैकी टिकून असेल आणि केंद्राला कर्करोगातील कार-टी उपचारांचा अनुभव असेल, तर मी तिला चाचणीचा गांभीर्याने विचार करायला सांगेन, आणि तोही उशीर न करता, कारण हट्टी मूत्रपिंडविकारात वाट पाहण्यातही नुकसान आहे. ‘निष्फळ’ या शब्दाची मात्र खात्री करून घ्यावी. गोळ्या नियमित घेतल्या गेल्या होत्या का, बेलिमुमॅब किंवा व्होक्लोस्पोरिन या ल्युपसच्या औषधांचा विचार झाला होता का, याची उत्तरे कित्येकदा चित्र बदलतात. डॉक्टर या प्रश्नांनी नाराज होत असतील, तर तो आपल्याला मिळालेला एक संकेत समजावा.

अपत्याचा विषय संमतीपत्रावर सही करण्याआधी निघाला पाहिजे. सायक्लोफॉस्फामाइडचा बीजांडांवर परिणाम होतो, आणि तो आजवर घेतलेल्या एकूण मात्रेवर अवलंबून असतो. तिने ते पूर्वी घेतले असेल तर नवी मात्रा त्यात मिळवून हिशेब करावा लागतो. बीजांडे साठवून ठेवण्याचा पर्याय आहे, परंतु त्यासाठीच्या संप्रेरकांनी सक्रिय ल्युपस वाढू शकतो, आणि फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडे असतील तर रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि ल्युपसचे डॉक्टर यांनी एकत्र बसून हे ठरवावे. तिच्यासमोर हा विषय कोणी काढला नसेल, तर तो आपण काढावा.

केंद्रात पहिल्या भेटीला जाताना बायोप्सीचा अहवाल, आतापर्यंतच्या औषधांची तारखा व मात्रांसह यादी, हिपॅटायटिस बी आणि क्षयरोगाच्या तपासण्या, फॉस्फोलिपिडविरोधी प्रतिपिंडांचा अहवाल आणि लसीकरणाच्या नोंदी सोबत न्याव्यात. संमतीपत्र घरी आणून वाचण्याचा तिला अधिकार आहे. न कळलेली वाक्ये अधोरेखित करून दुसऱ्या भेटीत एकेक विचारावीत, आणि त्या भेटीत बोलणे शक्यतो तिनेच करावे.